विशेष अक्षर कोणाचे? : मराठी ळ, ऱ आणि देवनागरीचा कळफलक

लिपीचा इतिहास सांगताना आपण शिलालेख, पोथी आणि छापखान्यातील खिळे येथपर्यंत येतो आणि बहुधा तेथेच थांबतो. टंकयंत्राचा वा संगणकाचा कळफलक हा कारकुनी सोयीचा विषय मानला जातो. वस्तुतः कोणते अक्षर बोटाखाली सहज यावे आणि कोणते शिफ्टची कळ दाबून किंवा तीन-चार कळांची जुळवणी करून मिळवावे, हे ठरवणे म्हणजे भाषांचा परस्परसंबंध ठरवणेच होय. एका लिपीत दोन भाषा लिहिल्या जातात तेथे हे विशेष स्पष्ट दिसते. मराठी-हिंदीचा असा शेजार अभ्यासण्यास भिलाई हे योग्य स्थळ आहे.

छत्तीसगढचा मराठीशी संबंध पोलाद कारखान्याहून जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत होता आणि त्यांच्या दफ्तराची लिपी मोडी होती. पुढे दुर्ग जिल्हा मध्य प्रांतात आला. प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५० च्या राजभाषा कायद्याने त्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान मिळाले. भिलाई पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा भिलाई या द्विभाषिक राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले त्या वेळी भोवतालचा सरकारी व्यवहार हिंदीकडे वळला होता. करार आणि भट्टी यांमधल्या चार वर्षांत भाषेची सीमा भिलाईच्या पश्चिमेकडून निघून गेली. लिपी मात्र बदलली नाही, आणि म्हणूनच दोन भाषांमधील भेद सहज नजरेआड होऊ शकला.

हा भेद मोजक्या अक्षरांत साठलेला आहे. मराठीतील 'ळ' आजच्या प्रमाण हिंदीच्या नित्य लेखनात नाही. त्यामुळे 'टिळक' हिंदीत 'तिलक' होतात आणि 'काळे' हे आडनाव 'काले' होते. 'काळ' आणि 'काल' ही जोडी पाहिली म्हणजे हा केवळ शोभेचा भेद नव्हे हे पटते. दुसरे अक्षर अर्धा 'ऱ'. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'आचार्यांना' दिलेली दक्षिणा आणि 'आचाऱ्यांना' दिलेली मजुरी यांतही अंतर आहे. हिंदीला रफार पुरतो, मराठीला पुरत नाही. उलट हिंदीला 'ड़' आणि 'ढ़' यांसाठी नुक्ता लागतो; मराठी लेखकाला त्याची गरज नसते.

यांत्रिक टंकयंत्रावर सुमारे पंचेचाळीस कळा आणि प्रत्येकीवर दोन खुणा, एवढीच जागा होती. त्यात स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, मात्रा, अंक आणि विरामचिन्हे बसवायची होती. लिपी यंत्राजोगी करावी की यंत्र लिपीजोगे, हा वाद त्यातूनच निघाला. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी हे पहिल्या पक्षाचे परिचित उदाहरण. जागेची अशी चणचण असताना प्रत्येक कमी वापराच्या खुणेला आपले स्थान सिद्ध करावे लागते. आणि 'कमी वापर' हे मोजमाप कोणत्या भाषेच्या आधारे घेतले, यावर निकाल अवलंबून असतो.

संगणकाने ही चणचण संपवली. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाणित केला आणि पुढे १९९१ च्या इस्की मानकात त्याचा समावेश झाला. त्याचे तत्त्व तुलनाकाराला मोह घालणारे आहे : ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत एका वर्णाची कळ एकच. इंग्रजी 'एन'च्या कळेवर 'ल' आणि शिफ्टसह 'ळ'. 'जे'च्या कळेवर 'र' आणि शिफ्टसह 'ऱ'. हीच 'एन'ची कळ तेलुगू, मल्याळम आणि उडिया कळफलकांवरही शिफ्टसह त्या त्या लिपीतला 'ळ' देते. गुरुमुखीत तेथे 'ल'खाली बिंदू असलेले अक्षर आहे, जरी पंजाबी लेखनात तो बिंदू नेहमी दिला जात नाही.

भिलाईच्या नगरवसाहतीत या सर्व भाषांची घरे शेजारी नांदली. तिथल्या मातृभाषा एकत्र मांडल्या, तर मराठीचे हे 'विशेष' अक्षर तेलुगू, मल्याळी आणि उडिया शेजाऱ्यांना घरचेच वाटेल. त्याच्यावाचून चालते ते हिंदी, छत्तीसगढी आणि बंगाली लेखनाचे. 'ळ' अपवाद ठरतो तो फक्त देवनागरी म्हणजे हिंदी असे गृहीत धरल्यावर. लिपीच्या चौकटीत अल्पसंख्य दिसणारे अक्षर भाषांच्या चौकटीत बहुसंख्यांच्या बाजूचे ठरते. 'विशेष' हा अक्षराचा गुण नव्हे. ते पाहणाऱ्याच्या स्थानाचे नाव आहे.

कळ मिळाली तरी प्रश्न संपत नाही. युनिकोडमध्ये अर्धा 'ऱ' दोन मार्गांनी लिहिता येतो : 'ऱ' आणि हलन्त अशा जोडीने, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. विंडोजच्या देवनागरी कळफलकावर हे चिन्ह कंट्रोल, शिफ्ट आणि एकचा आकडा एकत्र दाबून मिळते. पडद्यावर दोन्ही 'दऱ्या' सारख्याच. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द, आणि युनिकोडची समतुल्यतेची व्याख्याही त्यांना एक मानत नाही. 'ॲ'ची कथा अशीच आहे. इन्स्क्रिप्टने 'ए'वर चंद्र असलेले 'ऍ' दिले. मराठीला हवे होते 'अ'वर चंद्र असलेले. ते स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आले आणि २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेत त्याला स्थान दिले. तोपर्यंत 'अ'ला चंद्राची खूण जोडून जे लिहिले गेले, ते जुन्याच रूपात राहिले आहे.

याचा परिणाम साहित्याच्या अभ्यासावर होतो. संगणकीय संहितेत एखाद्या शब्दाची वारंवारता मोजताना साधा शोध यांपैकी एकच रूप उचलतो आणि उरलेली उदाहरणे मोजणीतून गळतात. हिंदी-मराठी सीमेवरील एखाद्या टंकलिखितात 'ळ'च्या जागी 'ल' आढळला, तर त्यावरून बोलीतील ध्वनिबदलाचे अनुमान काढण्यापूर्वी ते लेखन कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या मांडणीने झाले, हे विचारावयास हवे. हस्तलिखिताच्या पाठचिकित्सेत आपण लेखनिकाची सवय लक्षात घेतो. टंकलिखिताच्या पाठचिकित्सेत कळफलकाची सवयही तशीच नोंदली पाहिजे. अन्यथा यंत्राची अडचण भाषेच्या नावावर मांडली जाईल, आणि 'काळे' यांचे 'काले' कशामुळे झाले, जिभेमुळे की कळेमुळे, याचा निवाडा पुढल्या अभ्यासकाला करता येणार नाही.