ट्रॅव्हल ट्रेलरची ताबापूर्व तपासणी

ट्रॅव्हल ट्रेलरची ताबापूर्व तपासणी म्हणजे नवीन ट्रॅव्हल ट्रेलर विक्रेत्याकडून स्वीकारण्यापूर्वी त्याची बांधणी, वजन, चाके, वीज, गॅस व पाणी या यंत्रणांची केली जाणारी पद्धतशीर पाहणी होय. अमेरिका व कॅनडात ही प्रक्रिया 'पीडीआय' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. विक्रेत्याचे तंत्रज्ञ आपल्या स्तरावर अशी तपासणी करतात. त्यानंतर खरेदीदाराला वाहन दाखवून त्याचा वापर समजावून दिला जातो आणि शेवटी स्वीकृतीपत्रावर त्याची सही घेतली जाते. सहीनंतर वाहनाची मालकी व जबाबदारी खरेदीदाराकडे जाते. त्यामुळे प्रथमच ट्रेलर घेणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने सहीपूर्वीचे काही तास विशेष महत्त्वाचे मानले जातात.

संज्ञा व प्रकार

ट्रॅव्हल ट्रेलर हे स्वतःचे इंजिन नसलेले, मोटार किंवा पिकअप ट्रकच्या मागील बाजूस गोलाकार बॉलच्या जोडणीने जोडून ओढले जाणारे चाकांवरचे निवासस्थान आहे. ब्रिटनमध्ये त्यास 'कॅराव्हॅन' म्हणतात. पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडणी असलेल्या ट्रेलरला 'फिफ्थ व्हील', तर इंजिनासह असलेल्या वाहनाला 'मोटरहोम' म्हणतात. भारतात कॅराव्हॅन हा शब्द बहुधा इंजिन असलेल्या निवासी वाहनासाठीही वापरला जातो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले.

पार्श्वभूमी

केवळ पर्यटनासाठी बांधलेल्या आरंभीच्या कॅराव्हॅनमध्ये 'द वाँडरर' हिचा उल्लेख केला जातो. ही घोड्यांनी ओढली जाणारी गाडी विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे तयार करण्यात आली. १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लबची स्थापना झाली. अमेरिकेत मोटारीच्या प्रसाराबरोबर ट्रेलरचा वापर वाढला. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा अॅल्युमिनियमचा 'क्लिपर' हा ट्रेलर १९३६ मध्ये आला. आज अमेरिकी उत्पादनाचा मोठा वाटा इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व आसपासच्या भागात केंद्रित आहे.

तपासणीची आवश्यकता

ट्रॅव्हल ट्रेलर हे एकाच वेळी घर आणि वाहन असते. त्याची चौकट, आस, खिडक्या, शीतकपाट, भट्टी व पाणी तापक हे भाग वेगवेगळ्या उत्पादकांकडून येतात व त्यांची जुळणी मुख्यतः हाताने होते. कारखान्यातून विक्रेत्यापर्यंत शेकडो मैलांचा प्रवास होताना खिळे व स्क्रू सैल होणे, नळजोड ढिले पडणे, सीलंटला भेगा जाणे हे दोष उद्भवू शकतात. यांतील बहुतेक दोष किरकोळ असतात. परंतु छतातून झिरपणारे पाणी, गॅसची गळती किंवा चाकाचा सैल नट यांचे परिणाम गंभीर होतात.

ताबा घेण्यापूर्वी आढळलेला दोष दूर करून घेणे तुलनेने सोपे असते. ताबा घेतल्यानंतर तोच दोष हमीच्या दुरुस्तीच्या रांगेत जातो आणि हंगामाच्या दिवसांत वाहन कार्यशाळेत अडकून राहण्याची शक्यता असते.

वजन व क्षमता

अमेरिकी नियमांनुसार ट्रेलरवर त्याची सकल वजनमर्यादा, प्रत्येक आसाची मर्यादा, टायरचा आकार व थंड स्थितीतील हवेचा दाब दर्शवणारे लेबल असते. माल वाहण्याची क्षमता वेगळ्या लेबलवर दिलेली असते. सकल मर्यादेतून, भरलेल्या गॅस टाक्यांसह असलेले रिकामे वजन वजा केले असता ही क्षमता मिळते.

उदाहरणार्थ, सकल मर्यादा ७,००० पौंड (सुमारे ३,१७५ किलो) व रिकामे वजन ५,६०० पौंड असल्यास १,४०० पौंड क्षमता उरते. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरल्यास त्यांपैकी सुमारे ३३२ पौंड पाण्यातच खर्च होतात. बॅटरी, भांडी, अंथरुणे व अन्नसामग्री यांसाठी १,०६८ पौंड शिल्लक राहतात.

ट्रेलरच्या भारित वजनापैकी साधारणतः १० ते १५ टक्के भार पुढील जोडणीवर असावा, असा संकेत आहे. वरील उदाहरणात तो ७०० ते १,०५० पौंड होतो. हा भार ओढणाऱ्या वाहनाच्या वहनक्षमतेतून वजा होतो. वाहनाची ओढण्याची क्षमता पुरेशी असली तरी वहनक्षमता अपुरी पडणे, ही नवख्या खरेदीदारांची सर्वपरिचित चूक आहे. जोडणीवरील भार फार कमी असल्यास ट्रेलर वेगात असताना डावीउजवीकडे झुलू लागतो.

तपासणीचे टप्पे

बाह्यभाग

तपासणीची सुरुवात बहुधा छतापासून होते. झरोके, वातानुकूलन यंत्र व कडा यांभोवतीचे सीलंट अखंड आहे की नाही, हे पाहिले जाते. बाजूच्या भिंतींवर फुगवटे किंवा लहरी दिसल्यास फायबरग्लासचा थर सुटल्याची शंका घेतली जाते. बाहेर सरकणारी दालने, छत्री-पडदा, दारे व कुलुपे प्रत्येकी किमान एकदा पूर्ण उघडून बंद केली जातात. कोपऱ्यांवरील आधारजॅक ट्रेलर स्थिर ठेवण्यासाठी असतात. त्यांवर संपूर्ण ट्रेलर उचलू नये. कागदपत्रांतील १७ अंकाक्षरांचा वाहन ओळख क्रमांक चौकटीवरील क्रमांकाशी जुळवून पाहणे आवश्यक असते.

चाके व ब्रेक

टायरवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे ४ अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतात; '१४२४' म्हणजे २०२४ चा १४ वा आठवडा. चाकांचे नट टॉर्क रेंचने उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत आवळलेले असावेत. नवीन चाके बसताना नट सैल होऊ शकतात, म्हणून पहिल्या ५० ते १०० मैलांत ते पुन्हा तपासण्याची शिफारस केली जाते.

विद्युत ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ओढणाऱ्या वाहनात ब्रेक कंट्रोलर लागतो. ट्रेलर वाटेत सुटल्यास तारेने खेचला जाणारा आपत्कालीन स्विच ट्रेलरच्या बॅटरीवर ब्रेक लावतो. त्यामुळे भारित बॅटरी ही सुरक्षेची गरज ठरते.

विद्युत यंत्रणा

उत्तर अमेरिकी ट्रेलरमध्ये दोन यंत्रणा असतात. दिवे, पाण्याचा पंप व भट्टीचा पंखा १२ व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर, तर वातानुकूलन व मायक्रोवेव्ह १२० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात. बाहेरील जोडणी ३० किंवा ५० अँपिअरची असते. बाहेरील वीज जोडलेली असताना कन्व्हर्टर बॅटरी भारित करतो. म्हणून प्रत्येक यंत्रणा बाहेरील वीज जोडून आणि तोडून, अशा दोन्ही स्थितींत तपासली जाते.

गॅस

स्वयंपाक, भट्टी, पाणी तापक व काही शीतकपाटे प्रोपेन वायूवर चालतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. त्यामुळे गॅससूचक जमिनीलगत बसवलेला असतो. सर्व ज्योती पेटवून पाहणे, बाहेरील सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे पाहणे, तसेच कार्बन मोनॉक्साइड व धूर यांचे सूचक आणि अग्निशामक नळकांडे तपासणे हा या टप्प्याचा भाग आहे. वायूवर चालणाऱ्या शोषण-पद्धतीच्या शीतकपाटाला थंड होण्यास अनेक तास लागतात. म्हणून ते आदल्या दिवशी सुरू करून ठेवण्याची विनंती विक्रेत्याला केली जाते. असे शीतकपाट समपातळीवर असणे आवश्यक असते.

पाणी व सांडपाणी

ट्रेलरमध्ये साधारणतः तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, न्हाणी व मोरीतील सांडपाण्याची आणि शौचालयाच्या मैल्याची. पाणीपुरवठ्याची तपासणी दोनदा केली जाते. एकदा टाकीतील पाण्यावर पंपाद्वारे व एकदा बाहेरील नळाला जोडून. नळ बंद असतानाही पंप थोड्याथोड्या वेळाने सुरू होत असल्यास कोठेतरी गळती असल्याचा संकेत मिळतो. पाणी तापकात पाणी नसताना त्याचा विद्युत घटक सुरू केल्यास तो जळतो. हिवाळ्यासाठी तापक जलवाहिनीतून वगळलेला असल्यास त्याचे वळण-व्हॉल्व्ह पूर्वस्थितीत आणावे लागतात.

हवेची गुणवत्ता

नवीन ट्रेलरमधील लाकडी फळ्या व गोंद यांतून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडू शकतो. २००५ मधील कॅटरिना चक्रीवादळानंतर अमेरिकी आपत्ती व्यवस्थापन संस्थेने विस्थापितांना दिलेल्या ट्रेलरमध्ये या वायूचे वाढीव प्रमाण आढळले आणि हा प्रश्न देशभर चर्चेत आला. २०१० मध्ये संमिश्र लाकडी उत्पादनांतील फॉर्माल्डिहाइडविषयी संघराज्य कायदा करण्यात आला. नवीन ट्रेलर वापरण्यापूर्वी खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या लेखी हमीस १९७५ चा मॅग्नसन-मॉस हमी कायदा लागू होतो. सदोष वाहनांविषयीचे राज्यांचे कायदे भिन्न असून, ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचा किंवा वाहनातील निवासी भागाचा समावेश सर्वच राज्यांच्या कायद्यांत नाही. ट्रेलरची हमी त्याचा उत्पादक देतो, तर टायर व उपकरणांच्या हमी त्या त्या कंपन्यांच्या असतात. त्यामुळे प्रत्येकाची नोंदणीपत्रे, अनुक्रमांक व पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

आढळलेले दोष छायाचित्रांसह लिहून त्या यादीवर विक्रेत्याची सही घेणे, तसेच दुरुस्तीची मुदत लेखी स्वरूपात नोंदवणे हे तोंडी आश्वासनापेक्षा अधिक ग्राह्य ठरते. खरेदीदार स्वखर्चाने स्वतंत्र निरीक्षकही नेमू शकतो. अमेरिकेत राष्ट्रीय आरव्ही निरीक्षक संघटना अशा निरीक्षकांना प्रमाणपत्र देते.

ब्रिटनमध्ये ओढण्याच्या परवान्याचे नियम १६ डिसेंबर २०२१ पासून बदलले असून, मोटारीचा परवाना असलेल्या चालकास वेगळी परीक्षा न देता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. मात्र ओढणाऱ्या वाहनाची स्वतःची मर्यादा पाळणे बंधनकारक आहे.

पहिला मुक्काम

विक्रेत्याच्या आवारात ट्रेलर तास-दोन तासच वापरून पाहता येतो. रात्रभर चालणारी भट्टी, भरलेली टाकी किंवा पावसातील छत यांची परीक्षा प्रत्यक्ष मुक्कामातच होते. या कारणास्तव अनेक नवीन मालक पहिली एक-दोन रात्री विक्रेत्याजवळच्या किंवा घराजवळच्या तळावर काढतात व सर्व यंत्रणा मुद्दाम वापरून पाहतात. जोडणी करणे व सोडवणे, सुरक्षा साखळ्या जोडणीखाली फुलीसारख्या अडकवणे आणि मोकळ्या जागेत मागे घेणे यांचा सरावही याच काळात केला जातो. या मुक्कामात आढळलेले दोष लगेच कळवल्यास ते मूळ दोष असल्याचे दाखवणे सुलभ होते.

हे सुद्धा पहा

मोटरहोम
फिफ्थ व्हील जोडणी
द्रवरूप पेट्रोलियम वायू
ग्राहक संरक्षण