किमान वेतन वाढले की नव्या पोरांच्या नोकरीचे काय? मालक आणि कामगार, दोघांसाठी माहिती

खारघर : पनवेल तालुक्यातल्या गावांतली बारावी झालेली पोरं खारघरच्या मॉलमध्ये, हॉटेलात, मेडिकलमध्ये पहिली नोकरी धरतात. दर वाढला की मालक म्हणतो, 'एवढ्या पैशात अनुभवी माणूस मिळतो.' अशा वेळी नियम माहीत असलेले बरे.

दर कधी वाढतो?
किमान वेतन म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता. हा भत्ता महागाईनुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. दुकानांसाठी महापालिका हद्द परिमंडळ १ मध्ये येते, तिथला दर गावापेक्षा जास्त. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली, तेव्हापासून खारघर त्या हद्दीत आहे.

नवीन आहे म्हणून पगार कमी चालतो का?
नाही. ब्रिटनमध्ये कमी वयाच्या कामगारांना कमी दर आहे. आपल्याकडे १८ वर्षांच्या पोराला वेगळा दर नाही. दर ठरतो तो अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा कामावरून. 'अजून शिकतोय' असे तोंडी सांगून पगार कापता येत नाही.

मालकाला किती पडते?
पीएफ आणि ईएसआयसी लागू असेल, तर पगारात ५०० रुपये वाढले की मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे ६० रुपये आणि ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे सुमारे १६ रुपये वाढतो. एकूण ५७६. ओव्हरटाइम दुप्पट दराने असल्याने तोही महागतो. मग काही मालक भरती थांबवतात, तर काही एकाच पोरावर दोघांचे काम टाकतात.

कायदेशीर मार्ग कोणता?
शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१. यात लेखी करार आणि पोर्टलवर नोंदणी लागते. पगाराऐवजी विद्यावेतन मिळते. राष्ट्रीय योजनेत त्यातला २५ टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. ४ ते २९ कामगार असतील तर शिकाऊ घेणे ऐच्छिक, ३० पासून बंधनकारक.

पगार कमी मिळाला तर?
वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यानुसार तीन वर्षांपर्यंतच्या थकबाकीचा दावा करता येतो. कमी पगार देणाऱ्याला ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करावी. पगाराची स्लिप, बँक पासबुक आणि हजेरीचे फोटो जपून ठेवावेत. पगार रोख मिळत असेल तर तारीख आणि रक्कम वहीत लिहून ठेवावी.