झटका अपस्माराचा की मनोजन्य? रक्ततपासणीचा कौल आणि त्याच्या मर्यादा

अचानक शुद्ध हरपणे, हातपाय ताठ होणे, अंगाला झटके येणे या प्रकाराला बोलीभाषेत फिट, फेफरे किंवा आकडी म्हटले जाते. दिसायला सारख्या असणाऱ्या या झटक्यांमागे दोन अगदी भिन्न कारणे असू शकतात. अपस्मारात मेंदूतील असंख्य पेशींमधून एकाच वेळी अनियंत्रित विद्युतस्राव होतो. मनोजन्य झटक्यात असा विद्युत बिघाड नसतो. तेथे मनावरील ताण किंवा जुना आघात शरीरावाटे प्रकट होत असतो. रुग्ण हे झटके जाणूनबुजून आणत नाही. ते ढोंग नव्हे, हे रुग्णाच्या घरच्यांनाच नव्हे, तर काही वेळा रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाही सांगावे लागते.

निदान चुकल्यास त्याची किंमत मोठी असते. जर्मनीतील बॉन येथील रुग्णांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की मनोजन्य झटके सुरू झाल्यापासून योग्य निदान होईपर्यंत सरासरी सात वर्षांहून अधिक काळ लोटला होता. या काळात रुग्ण अपस्माराची औषधे विनाकारण घेत राहतो. त्यांपैकी व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भावस्थेत घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. उलट, खऱ्या अपस्माराला ‘मानसिक’ ठरविले, तर रुग्ण उपचारांविना राहून जिवावर बेतू शकते. त्यामुळे दोहोंतील फरक रक्ताच्या एका नमुन्यावरून कळावा, ही डॉक्टरांची जुनी इच्छा आहे.

ब्रिटनमधील मायकेल ट्रिम्बल यांनी १९७८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या दिशेने पहिले महत्त्वाचे निरीक्षण मांडले. अपस्माराच्या मोठ्या झटक्यानंतर रक्तातील प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, मनोजन्य झटक्यानंतर मात्र ते वाढत नाही, असे त्यांना आढळले. प्रोलॅक्टिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून स्रवते. एरवी हायपोथॅलॅमसकडून येणारे डोपामाइन या स्रावाला लगाम घालते. झटक्यातील विद्युतलहर, विशेषतः कानशिलामागील टेम्पोरल भागातून, हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचली, की हा लगाम काही काळ सुटतो.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २००५ मध्ये मार्गदर्शक निष्कर्ष जाहीर केले. प्रौढ व मोठ्या मुलांमध्ये झटक्यानंतर १० ते २० मिनिटांत रक्त घेतल्यास ही तपासणी पूरक पुरावा म्हणून उपयोगी ठरते, असे त्यात म्हटले आहे. हे प्रमाण रुग्णाच्या नेहमीच्या पातळीशी ताडून पाहावे लागते. साधारणपणे दुप्पट किंवा त्याहून अधिक वाढ अर्थपूर्ण मानतात. तुलनेसाठीचा नमुना झटक्यापासून किमान सहा तासांच्या अंतराने घेतलेला असावा.

आकडे काय सांगतात, हे येथे नीट समजून घ्यायला हवे. सर्वांगाचा अपस्माराचा झटका आलेल्या १०० जणांपैकी सुमारे ६० जणांतच प्रोलॅक्टिन वाढलेले आढळते; उरलेल्या ४० जणांत ते वाढत नाही. मनोजन्य झटक्यानंतर ते वाढल्याचे १०० पैकी जेमतेम चार जणांत दिसते. म्हणजे तपासणीचे ‘होय’ बऱ्यापैकी भरवशाचे असले, तरी तिच्या ‘नाही’ला फारशी किंमत नाही. प्रोलॅक्टिन वाढले नाही म्हणून रुग्णाच्या कागदावर ‘मानसिक’ असा शेरा मारणे म्हणजे निव्वळ अन्याय होय.

त्यातही एक विचित्र अडचण आहे. मेंदूच्या कपाळाकडील भागातून उद्भवणारे झटके चमत्कारिक हालचालींमुळे मनोजन्य वाटतात. आणि नेमके त्यांच्यातच प्रोलॅक्टिन बहुधा वाढत नाही. साधी भोवळ येऊन पडलेल्यांमध्येही ते वाढू शकते. गर्भावस्था, स्तनपान, पिट्युटरीची गाठ, तसेच डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, रिस्पेरिडोन यांसारख्या औषधांमुळे ते मुळातच वाढलेले असते. शिवाय घरी किंवा रस्त्यात झटका आलेला रुग्ण २० मिनिटांत रक्त देण्याच्या टेबलापर्यंत पोहोचणे दुर्मीळच.

लॅक्टेट या घटकाला थोडी अधिक सवड मिळते. सर्वांगाच्या झटक्यात स्नायूंवर प्रचंड ताण पडून ते वाढते आणि पहिल्या एक-दोन तासांत तपासता येते. स्नायूंतील क्रिएटिन कायनेज हे विकर काही तासांनी वाढू लागते आणि ते दुसऱ्या दिवशीही सापडते. पण पडून लागलेला मार किंवा स्नायूत दिलेले इंजेक्शन यांनीही ते वाढते. मर्यादित स्वरूपाच्या झटक्यात दोन्ही तपासण्या फारशा कामाच्या नाहीत.

खात्रीचे निदान व्हिडिओ-ईईजीने होते. त्यात झटक्याचे चित्रीकरण आणि मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद एकाच वेळी होते. ही सोय नसेल, तर नातेवाइकांनी मोबाइलवर केलेले चित्रीकरणही डॉक्टरांना मोलाचे ठरते. अपस्मारात डोळे बहुधा उघडे असतात, मनोजन्य झटक्यात अनेकदा घट्ट मिटलेले. जिभेच्या कडेला चावा बसणे अपस्माराकडे निर्देश करते. झटका लांबणे, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणे, मान सतत डावी-उजवीकडे हलणे हे मनोजन्य असण्याचे संकेत मानतात. यातील एकही खूण एकटी पुरेशी नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवल्यावर रुग्ण शुद्धीवर आला, यावरून तर काहीच सिद्ध होत नाही. अपस्माराचे बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. पाच मिनिटांहून अधिक काळ चाललेला झटका मात्र तातडीने रुग्णालयात न्यावा.

काही रुग्णांना दोन्ही प्रकारचे झटके येतात. म्हणून मनोजन्य झटक्यांचे निदान झाले, तरी अपस्माराच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्या टप्प्याटप्प्याने आणि मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच कमी केल्या जातात. मनोजन्य झटक्यांवर मानसोपचार हाच मुख्य उपाय आहे.