परळ ते परळी : एका गोळीच्या मापाचा इतिहास

(थ्रेड)

१/९
मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा इतिहास आपण शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणून वाचतो. तो तितकाच मिलिग्रॅमचाही आहे. कोणाला किती औषध द्यावे, या प्रश्नाने वैद्यकशास्त्राला अर्धशतक झुंजवले.

२/९
१९६५ साली मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात भारतातील पहिला प्रयत्न झाला. रुग्ण वाचला नाही. पहिल्या यशासाठी १९७१ उजाडावे लागले, तेही वेल्लोरला. जगभर अडचण एकच होती : अवयव जोडता येई, पण शरीर त्याला परका मानून नाकारी.

३/९
प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी तेव्हा अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड दिले जाई. डोस वजनावरून ठरे आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या की कमी केला जाई. माप चुकल्याचे कळे ते अपाय झाल्यावरच.

४/९
पुढे नॉर्वेच्या मातीतील बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले. १९७८ मध्ये केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी ते रुग्णांना दिले. अवयव टिकू लागले. मात्र सुरुवातीचे डोस जड ठरले. ज्या मूत्रपिंडाला वाचवायचे, त्यालाच औषध इजा करू लागले.

५/९
म्हणून औषधाची रक्तातील पातळी मोजणे आले. सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यायचे, मग डोस ठरवायचा. १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबातील मातीतून मिळालेल्या टॅक्रोलिमसलाही हीच शिस्त लागू झाली.

६/९
तरीही समान वजनाच्या दोघांत पातळी वेगळी का येई? सीवायपी३ए५ नावाचे विकर काहींच्या शरीरात टॅक्रोलिमस झपाट्याने मोडते. त्यामागील जनुकीय भेद २००१ मध्ये उलगडला. अशांना सुरुवातीचा डोस दीड ते दोनपट द्यावा, असे २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने सुचवले.

७/९
भारतात या गणितात खर्च आणि क्षयरोगही शिरले. डिल्टियाझेम हे रक्तदाबाचे औषध जोडले की टॅक्रोलिमसची पातळी चढते. महागड्या गोळ्या कमी लागाव्यात म्हणून इथल्या डॉक्टरांनी त्याचा उपयोग केला. उलट क्षयावरील रिफाम्पिसिन ती पातळी झपकन खाली आणते.

८/९
आता परळी वैजनाथचा एखादा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. प्रत्यारोपण संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईत होते. तपासणीच्या दिवशी पहाटेची एसटी धरायची आणि रक्त देईपर्यंत गोळी खिशातच ठेवायची. सवयीने घरीच घेतली, तर आकडा फसवा येतो आणि त्यावरून ठरलेला डोसही. घरचे ऊसतोडीला गेलेले असतील, तर सोबतीलाही कोणी नसते.

९/९
जनुकाची तपासणी आयुष्यात एकदाच पुरते. ती फक्त आरंभीचे माप सांगते. पातळीची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि मूत्रपिंड टिकणे तिच्यावर अवलंबून असते. व्यक्तीनुसार डोस हे विज्ञानाने साधले. तो डोस परळीपर्यंत अचूक पोहोचवणे, हे या इतिहासाचे अजून न लिहिलेले प्रकरण आहे.