रानपिंगळा : खोट्या चिठ्ठीआड दडलेले घुबड

१/ राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतात. त्याच ह्यूम यांनी काँग्रेसच्या बारा वर्षे आधी, १८७३ मध्ये, एका लहानशा घुबडाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ते घुबड म्हणजे रानपिंगळा.

२/ पहिला नमुना एफ. आर. ब्ल्यूइट यांना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात मिळाला. शास्त्रीय नावातील ‘ब्ल्यूइटी’ हा त्यांचाच उल्लेख. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या परिसरात, आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसाच झाला.

३/ रानपिंगळा जेमतेम वीतभर, सुमारे २३ सेंमी. गावाजवळ दिसणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्याचा हा भाऊबंद. पण याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि पंजे अधिक दणकट असतात. मुख्य म्हणजे तो दिवसाढवळ्या वावरतो. सागाच्या पानझडी जंगलात उंच फांदीवर बसून तो सरडे, उंदीर व कीटक टिपतो.

४/ नाहीशा झालेल्या या पक्ष्याची एकच नंतरची नोंद होती. ब्रिटिश सैनिक व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका कातड्यावर चिठ्ठी होती : मांडवी, गुजरात, १९१४. साहजिकच शोध तिकडे वळला. हाती काहीच लागले नाही.

५/ १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या संग्रहातील नमुने बारकाईने तपासले. क्ष-किरणांत दिसले की या कातड्यातील भरण काढून नव्याने भरले आहे; मूळ घडण मात्र डेव्हिडसन यांच्या हातची होती. नमुना संग्रहालयातूनच चोरलेला आणि चिठ्ठी बनावट!

६/ मांडवीची नोंद बाद झाल्यावर उरल्या त्या जुन्या, अस्सल नोंदी. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी त्यांचाच माग घेतला. पूर्वेकडील ठिकाणी निराशा पदरी पडली. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उन्हात रानपिंगळा पुढ्यात बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

७/ पुढे मेळघाट, यावल, तानसा येथेही तो आढळला. २०१८ मध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आली. तरी धोका टळलेला नाही. घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांच्या ढोली लागतात. जंगल तुटले की त्याही जातात.

८/ बनावट सनदेने वतनाचा निवाडा फिरतो, तसाच बनावट चिठ्ठीने एका पक्ष्याचा पत्ता फिरला. साधनचिकित्सा केवळ दप्तरखान्यापुरती नसते. ती झाली नसती, तर सातपुड्यात जिवंत असलेला हा पक्षी आणखी किती काळ नामशेष समजला गेला असता, कोण जाणे.