चर्चमधील मिस्सेचे थेट प्रक्षेपण : ध्वनी व चित्रणाची साधने

मिस्सा किंवा उपासना चालू असतानाच ती इंटरनेटवरून घरोघरी पोहोचवणारी यंत्रणा. माइक, मिक्सर, कॅमेरा, चित्र व ध्वनी इंटरनेटसाठी तयार करणारा एन्कोडर किंवा संगणक आणि इंटरनेट जोडणी हे तिचे मुख्य भाग. पैसे थोडे असतील तर ते आधी ध्वनीवर खर्च करावेत. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील उपासना केडीकेए या रेडिओ केंद्राने प्रक्षेपित केली, तेव्हा चित्र नव्हतेच. तरी ती घरी बसून ऐकता आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लोकभाषेत आली, वसईच्या चर्चमध्ये ती मराठीतून होऊ लागली. आता अंथरुणाला खिळलेल्या भाविकाला त्यातला शब्दच कळला नाही, तर प्रक्षेपण करून उपयोग काय? चित्र थोडे धूसर असले तरी तो मिस्सा अर्ध्यावर सोडत नाही.

कॅमेऱ्यालाच माइक असतो, मग वेगळा कशाला, असे विचारले जाते. माइकचे बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या चर्चमधला घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. शेवटच्या बाकाजवळच्या माइकमध्ये म्हणूनच घुमारा जास्त आणि शब्द कमी येतात. कॅमेरा महागातला घेऊन हा दोष जात नाही. वाचनपीठावर आणि वेदीवर जवळचा माइक, धर्मगुरूंना कॉलर माइक, हाच त्यावर उपाय. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : चर्चमध्ये मिक्सर असतोच, त्याचाच आवाज पाठवावा. पण तो आवाज सभागृहासाठी जुळवलेला असतो. गायनवृंद तिथे माइकशिवायही ऐकू येतो, त्यामुळे मिक्सरवर तो जेमतेम उघडलेला असतो. घरच्या श्रोत्याला प्रवचन खणखणीत आणि गीते पुसट ऐकू येतात. मिक्सरच्या ऑक्स (सहायक) आउटपुटवरून प्रक्षेपणासाठी वेगळी जुळणी करावी आणि गायनवृंदासमोर स्वतंत्र माइक ठेवावा. सभागृहाचा थोडा घुमारा त्यात हवाच. नाहीतर आवाज बंद खोलीतला वाटतो.

कॅमेरा एकच पुरे. तो ट्रायपॉडवर पक्का बसवावा आणि एक्स्पोजर स्थिर ठेवावे, कारण वेदीमागच्या खिडकीच्या उजेडाने स्वयंचलित कॅमेरा धर्मगुरूंचा चेहरा काळा करतो. चित्र प्रक्रियेत मागे पडते, ध्वनी आधी पोहोचतो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून ध्वनीचा विलंब जुळवावा. इंटरनेट वायफायपेक्षा लॅन केबलने घ्यावे. १०८० रेषांच्या चित्राला सेकंदाला ४ ते ६ मेगाबिट लागतात, अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट तरी हवा.

देखभालीकडे दुर्लक्ष झाले की चांगली साधनेही वाया जातात. कोकण किनाऱ्याच्या दमट, खाऱ्या हवेत लेन्सवर बुरशी धरते आणि केबलच्या पिना गंजतात. म्हणून पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा. केबल कोपराभोवती करकचून गुंडाळू नये, आतल्या तारा तुटतात. कॉलर माइकच्या बॅटऱ्या मिस्सेआधी बदलाव्यात किंवा पूर्ण चार्ज कराव्यात. हे सारे सांभाळतात ते स्वयंसेवक, आणि ते बदलत राहतात. म्हणून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी हवी. मिक्सरवरचे दिवे पाहून समाधान मानू नये. एका स्वयंसेवकाने मोबाइलला हेडफोन लावून, घरी पोहोचणारे प्रक्षेपणच शेवटपर्यंत ऐकावे.