एक दुपार, दोन शोध

आज आपल्याला नेदरलँड्समधल्या लायडन शहरी जायचं आहे. तारीख ८ एप्रिल १९११. प्रयोगशाळा हाइके कामरलिंग ओन्नेस यांची.

आधी थोडं मागे जाऊ. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन हे वायू एकोणिसाव्या शतकातच द्रवरूप झाले होते. हेलियम मात्र दाद देत नव्हता. १० जुलै १९०८ रोजी ओन्नेस यांनी त्यालाही नमवलं. कुठे? उणे २६९ अंश सेल्सिअसला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम चार अंशांवर. हाती आला साठेक घन सेंटीमीटर द्रव. त्याच दिवशी त्यांनी तो गोठवूनही पाहिला; गोठला नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की नेहमीच्या दाबाखाली हेलियम कितीही थंड केला तरी गोठत नाही. असं वागणारं मूलद्रव्य हे एकटंच.

आता १९११. अतिथंड धातूतून वीज कशी वाहते, हा त्या काळचा वादाचा प्रश्न. लॉर्ड केल्विन यांना वाटे, इलेक्ट्रॉन थिजतील आणि रोध वाढेल. ओन्नेस यांचा कयास उलट होता: शुद्ध धातूचा रोध शून्याकडे उतरेल. त्यांनी पारा घेतला, कारण तो ऊर्ध्वपातनाने अगदी शुद्ध करता येतो. त्या दुपारी, तीन अंश केल्विनच्या आसपास, वहीत नोंद झाली की पाऱ्याचा रोध जवळपास शून्य. ही अतिसंवाहकतेची पहिली नोंद.

पण गंमत पुढे आहे. त्याच वहीत, त्याच दिवशी, आणखी एक नोंद सापडते. तापमान आणखी उतरवताना हेलियमचं उकळणं एकाएकी थांबलं आणि द्रव नुसता पृष्ठभागावरून आटत गेला. बस्, एवढंच.

या नोंदीचा अर्थ लागायला १९३८ उजाडलं. मॉस्कोत कपित्सा यांनी आणि केंब्रिजमध्ये ॲलन व माइझनर यांनी दाखवलं की सुमारे २.२ अंश केल्विनखाली हेलियम अतिप्रवाही होतो, अत्यंत अरुंद फटीतूनही जवळजवळ विनाअडथळा वाहतो. तो उष्णताही इतक्या झपाट्यानं वाहून नेतो की द्रवात कुठे एका जागी ती साचत नाही. मग बुडबुडा उठणार कसा? उकळणं थांबतं ते म्हणून.

म्हणजे बघा, एकाच दुपारी निसर्गानं दोन दारं किलकिली केली. एक आपण लगेच ओळखलं, दुसऱ्याला सत्तावीस वर्षं लागली. ओन्नेस डोळस नव्हते असं म्हणायचं का? मुळीच नाही. दिसलं म्हणून तर लिहिलं! फरक इतकाच की पाऱ्यासाठी प्रश्न आधीपासून उभा होता, गॅल्व्हनोमीटरचा काटा त्याला उत्तर देत होता. थांबलेल्या बुडबुड्यांसाठी मात्र कोणाजवळ प्रश्नच नव्हता.

आपण सहज म्हणतो की विज्ञान निरीक्षणातून सुरू होतं. लायडनची वही सांगते, निरीक्षणालाही वाट बघावी लागते, कोणी प्रश्न विचारेपर्यंत. म्हणूनच आपल्या जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा चाळलेल्या बऱ्या. आज इथंच थांबू या.